नगरानें आपला कवि नेमावा काय ?

गांव म्हटला म्हणजे त्याला कांहीं माणसें नेमावींच लागतात. पाणी सोडणारा नेमावा लागतो, दिवाबत्ती पाहणारा नेमावा लागतो, जन्ममृत्यूची नोंद ठेवणारा कारकून नेमावा लागतो. या जागांची कोणी थट्टा करीत नाहीं. कारण यांपैकीं एकानें जरी काम सोडलें तरी दुसऱ्या दिवशीं सकाळींच गांवाला तें कळून येतें. परंतु 'गांवानें आपला एक कवि नेमावा' असें कोणी म्हटलें तर ऐकणारास हसूं आल्यावांचून राहणार नाहीं. कवीनें आठ दिवस कांहीं लिहिलें नाहीं म्हणून कोणाचा नळ कोरडा पडत नाहीं. मग नगरपरिषदेच्या दप्तरांत कवीसाठीं जागा कशाला ?

ही कल्पना वाटते तितकी हास्यास्पद नाहीं. स्कॉटलंडांतील ग्लासगो शहर जहाजें बांधण्याच्या कारखान्यांबद्दल एके काळीं सर्व जगांत प्रसिद्ध होतें. त्या कारखानदारी शहरानें १९९९ सालीं एड्विन मॉर्गन या वृद्ध कवीस आपला नगरकवि नेमलें. शेजारच्या एडिंबरो शहरानें २००२ सालीं तसेंच पद निर्माण करून त्याचा पहिला मान स्ट्युअर्ट कॉन यांस दिला. एडिंबरोच्या लोकांनीं या पदासाठीं जो जुना स्कॉच शब्द निवडला आहे त्याचा मूळ अर्थ 'घडविणारा' असा आहे. आमच्या औद्योगिक वसाहतींत पोलाद घडविणारे आहेत, गाड्या घडविणारे आहेत, दुधापासून नाना पदार्थ करणारे आहेत. घडविणें म्हणजे काय हें ज्या गांवाला कळतें त्यानें शब्द घडविणारास हसावें हें बरें नव्हे.

पण इतक्या दूर जाण्याचें कारणच नाहीं. कऱ्हेच्या कांठीं अठराव्या शतकांत दोन मोठे कवि होऊन गेले. त्यांतील एक कोणाच्या नेमणुकीवांचून लिहीत होता, आणि दुसरा नेमणुकीवर होता. या दोघांकडे नीट पाहिलें तर आपल्या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर घरबसल्या मिळतें.

पहिले श्रीधरस्वामी. शके १६४०, म्हणजे इ. स. १७१८, या वर्षीं त्यांनीं 'शिवलीलामृत' हा चौदा अध्यायांचा ग्रंथ बारामतीस पूर्ण केला. ग्रंथाच्या अखेरीस त्यांनीं गांवाचें नांव 'द्वादशमती' असें घातलें आहे, आणि नदीचें 'ब्रह्मकमंडलू'. ही नदी म्हणजेच आपली कऱ्हा. श्रीधर हे कोणाच्या दरबारचे कवि नव्हते. त्यांची ओवी साधी, कथा सरळ, आणि श्रोता म्हणजे ज्याला ऐकावेंसें वाटेल तो कोणीहि. तीनशें वर्षें होऊन गेलीं, तरी महाराष्ट्रांतील असंख्य घरांत हा ग्रंथ अजून वाचला जातो.

दुसरे मोरोपंत. त्यांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळगडावर झाला. वडील बारामतीकर नायकांच्या चाकरींत होते, म्हणून तरुणपणींच मोरोपंत बारामतीस आले. नायकांच्या वाड्यांत पुराण सांगावें, हें त्यांचें नेमलेलें काम. १७९४ सालीं त्यांनीं येथेंच देह ठेवला, तोंपर्यंत चाळीस वर्षांहून अधिक काळ ते या गांवचे होते. सबंध महाभारत त्यांनीं आर्यावृत्तांत उतरविलें. रामायण तर निरनिराळ्या तऱ्हांनीं इतक्या वेळां लिहिलें कीं, 'मोरोपंतांचीं एकशें आठ रामायणें' हा शब्दप्रयोगच रूढ झाला आहे. त्यांतील 'निरोष्ठ रामायणा'ची गंमत विद्यार्थ्यांनीं अवश्य समजून घ्यावी. प, फ, ब, भ, म यांसारखें ज्या अक्षरांना ओठ लागतात असें एकहि अक्षर त्यांत येऊं द्यावयाचें नाहीं, अशी अट कवीनें आपल्यावर घालून घेतली आहे. 'राम' हें नांव घेतांना सुद्धां ओठ मिटतात. तेव्हां रामाचें नांव न घेतां रामायण सांगावयाचें, हें केवढें कठीण!

मोरोपंतांना आश्रय देणारे बाबूजी नाईक हे लहान आसामी नव्हते. त्यांची सावकारी मोठी होती, आणि पेशव्यांच्या घराण्याशीं सोयरीक होती. थोरले बाजीराव १७४० सालीं वारले तेव्हां पेशवाईचीं वस्त्रें याच बाबूजी नायकांस मिळावींत म्हणून नागपूरकर रघूजी भोसल्यांनीं खटपट केली होती. तीं वस्त्रें मिळालीं नाहींत. त्या सावकारीचें आज काय उरलें आहे ? नायकांचा वाडा कऱ्हेकांठीं आहे. आणि महाराष्ट्रांतील शाळांतून त्यांचें नांव निघतें तें बहुधा 'मोरोपंतांचे आश्रयदाते' म्हणूनच. सर्व खटपटींत पुराणिकास दिलेलें वेतन हाच व्यवहार नायकांना सर्वांत अधिक फळला, असें म्हणावें लागतें.

आतां, नायकांनीं मोरोपंतांस दिलें काय आणि त्यांच्याकडून मागितलें काय, याचा विचार करूं. दिल्या त्या दोन गोष्टी : पोटाची निश्चिंति आणि ऐकणारे कान. यांतील दुसरी गोष्ट पहिलीपेक्षां कमी मोलाची नाहीं. उद्यां पुन्हां श्रोते बसणार आहेत हें ठाऊक असलें म्हणजे लिहिणाराचा हात चालूं राहतो. मागितलें तें पुराण. मोरोपंतांच्या काव्याचा फार मोठा भाग रामायण, महाभारत, भागवत यांवर आहे, धन्याच्या स्तोत्रांवर त्याची उभारणी झालेली नाहीं. म्हणूनच धनी गेले, वाड्याचें वैभव गेलें, तरी काव्य राहिलें.

परंतु या व्यवस्थेची एक उणी बाजूहि सांगितली पाहिजे. वाड्यांतील श्रोता व्युत्पन्न होता, म्हणून वाड्यांतील कविताहि व्युत्पन्न झाली. तिचें कौशल्य पाहून पंडित माना डोलवीत. जात्यावर बसलेल्या बाईला मात्र श्रीधरांची ओवीच जवळची वाटे. कवि ज्याच्या नेमणुकीवर असतो, त्याच्या कानाजोगें लिहितो. हा नियम मोरोपंतांसारख्या थोर कवीलाहि थोडाफार लागू पडला, तर इतरांची काय कथा ? तेव्हां 'कवि नेमावा कीं नाहीं' या प्रश्नाहून 'त्याला नेमणार कोण' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

संस्थानांच्या काळांत राजे कवि नेमीत. भास्कर रामचंद्र तांबे हे ग्वाल्हेरचे राजकवि होते. बडोद्यास आधीं चंद्रशेखर व पुढें १९४० सालीं यशवंत दिनकर पेंढरकर, म्हणजे आपले कवि यशवंत, यांची त्या पदावर योजना झाली. यशवंतांनीं १९४१ सालीं महाराजांच्या राज्यारोहणाच्या निमित्तानें 'काव्यकिरीट' हें काव्य रचलें. पालकांपैकीं कितीजणांनीं तें वाचलें असेल ? परंतु त्याच यशवंतांची 'आई' ही कविता ज्यांनीं लहानपणीं पाठ केली, त्यांना ती म्हातारपणींहि आठवते. राज्यारोहणाची कविता राजाच्या निमित्तानें झाली. आईची कविता सांगण्यास कोणीहि आलें नव्हतें. पुढें १९४९ सालीं बडोदें संस्थान विलीन झालें आणि राजाबरोबर राजकवीचेंहि पद इतिहासांत गेलें.

इंग्लंडांत हें पद साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ चालत आलें आहे. जॉन ड्रायडन हा १६६८ सालीं पहिला अधिकृत राजकवि झाला. वीस वर्षांनीं राज्यक्रांति झाली, नव्या राजाशीं निष्ठेची शपथ घेण्यास तो तयार झाला नाहीं, आणि त्याची जागा गेली. ती मिळाली कोणाला ? ज्या टॉमस शॅडवेलची त्यानें आपल्या काव्यांत यथेच्छ टर उडविली होती त्याला ! टॉमस ग्रे या कवीनें १७५७ सालीं हा मान देऊं केला असतां नाकारला. वर्ड्सवर्थला १८४३ सालीं विचारलें तेव्हां त्यानें प्रथम नकार दिला. तुम्हांला कांहींएक लिहावें लागणार नाहीं, असें मुख्य प्रधानांनीं आश्वासन दिल्यावरच त्यानें होकार दिला. त्याच्यामागून आलेल्या टेनिसनची गोष्ट निराळी. १८५४ सालीं क्रिमियाच्या लढाईंत चुकीच्या हुकुमामुळें घोडदळाची एक तुकडी थेट तोफांच्या तोंडीं गेली. ती हकीकत वर्तमानपत्रांत वाचून टेनिसननें कविता केली. शिपायांचें शौर्य त्यानें गाइलेंच, पण वरून कोणाची तरी घोडचूक झाली आहे, हेंहि झांकून ठेवलें नाहीं. राणीच्या पदरीं असलेल्या कवीनें राणीच्या सैन्याची चूक काव्यांत नोंदविली, आणि म्हणूनच ती कविता जगली. पदावर राहूनहि खरें बोलतां येतें, मात्र त्यासाठीं बोलणारास धैर्य व ऐकणारास सहनशीलता पाहिजे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे आतां राजे नाहींत, तेव्हां ही भीति कशाला ? तर जरा रस्त्यावर चला. कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं चौकाचौकांत वाढदिवसाचे फलक लागलेले दिसतील. त्यांवर मोठ्या अक्षरांत यमकें जुळविलेलीं असतात, आणि त्यांत वाघ, सूर्य, सिंह, सह्याद्रि यांपैकीं एकाची तरी उपमा ठरलेलीच. म्हणजे आपल्या गांवांनीं कवि नेमलेले आहेतच. फक्त त्यांची निवड छापखान्यांत होते आणि त्यांचा विषय एकच असतो. मुलें शाळेंत येतांजातां रोज हीच कविता वाचतात. जें डोळ्यांसमोर सतत असतें त्याचें वळण लागतें. स्तुति म्हणजेच कविता, अशी समजूत घेऊन जर एक पिढी वाढली, तर पुढें खरें बोलणारी कविता तिला उद्धट वाटूं लागेल. फलकांना उत्तर म्हणून तरी गांवाला दुसरा एक आवाज हवा आहे.

तो आवाज कशाविषयीं बोलेल ? विषयांची वाण नाहीं. इंदापूर तालुक्यांत उजनीच्या जलाशयाखालीं कितीएक जुनीं गांवें गेलीं आहेत. पाणी फार उतरलें म्हणजे पळसदेवाचें जुनें देऊळ वर येतें आणि लोक तें पाहावयास जातात. देऊळ पाण्यांतून वर येतें, परंतु बुडालेल्या शेतांचीं नांवें, पाणवठ्यांचीं नांवें, बांधावरच्या झाडांचीं नांवें आपोआप वर येत नाहींत. तीं ज्यांना ठाऊक आहेत असे आजेआजी आज थकले आहेत. ऊंस तोडावयास दरसाल परजिल्ह्यांतून माणसें येतात, पाचटाच्या खोपींत राहतात, आणि हंगाम संपला म्हणजे निघून जातात. कारखान्यांत काम करण्यासाठीं परप्रांतांतून कुटुंबें आलीं आहेत. त्यांचीं मुलें घरीं एक भाषा, अंगणांत दुसरी आणि वर्गांत तिसरी बोलतात. याची नोंद टनांत होत नाहीं कीं रुपयांत होत नाहीं. ती शब्दांतच होऊं शकते.

म्हणून आमचें मत असें कीं, गांवानें कवि नेमावा. मात्र नेमतांना बंधनें कवीवर घालण्याऐवजीं स्वतःवर घालून घ्यावींत. पहिलें बंधन, निवडीचें. ग्रंथपाल, शिक्षक, वाचक, कामगार यांच्या लहानशा मंडळानें निवड करावी. सत्तेवर असलेल्यांनीं व सत्तेची इच्छा असलेल्यांनीं त्यांत बसूं नये. दुसरें, मुदतीचें. दोन वर्षें पुरेत. इंग्लंडांत हें पद पूर्वीं तहहयात असे, तेंहि १९९९ पासून दहा वर्षांचें केलें आहे. तिसरें, विषयाचें. कवीला हुकूम करून लिहावयास लावूं नये, आणि कोणत्याहि हयात अधिकाऱ्याची स्तुति तर त्याच्याकडून मुळींच घेऊं नये. चौथें, वेतनाचें. शाल आणि श्रीफळ यांनीं सत्कार होतो, दाणागोटा येत नाहीं. नायकांनीं मोरोपंतांना केवळ सत्कारावर ठेवलें असतें, तर आर्याभारत पुरें झालें असतें काय ?

पांचवें बंधन सर्वांत कठीण, आणि तें ऐकण्याचें आहे. कवीनें महिन्यांतून एकदां एखाद्या शाळेंत, एकदां एखाद्या वस्तींत, एकदां कारखान्याच्या आवारांत जावें, आपलें वाचावें, व तेथील माणसांचें ऐकून लिहून घ्यावें. गांवानें त्या वेळीं बसावें. पद दिल्यानें कवि निर्माण होत नाहीं, हें शंभर वेळां मान्य. परंतु पद दिल्यानें श्रोता निर्माण होऊं शकतो. ज्या गांवांत ऐकणारे आहेत तेथें बोलणारा आज ना उद्यां सांपडतोच.

पदवी देणें आणि आधार देणें यांतील भेद एका उदाहरणानें स्पष्ट होईल. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाच्या कविता ऐकून अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकर यांनीं त्याला 'बालकवि' ही पदवी दिली. ती योग्यच होती. परंतु पदवी एका दिवसाची असते, आणि भूक रोज लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं या मुलाला अहमदनगरास आपल्या घरीं आसरा दिला. तेथें लक्ष्मीबाईंच्या हातचें जेवण आणि टिळकांसारखा ऐकणारा कवि, हीं दोन्ही त्याला मिळालीं. संमेलनानें त्याला नांव दिलें व टिळकांनीं घर दिलें. नगरकवीचें पद निर्माण करणाऱ्या गांवानें संमेलनाबरोबर टिळकांचेंहि अनुकरण करावें.

एक आक्षेप अजून राहतो, आणि तो आम्हांला सर्वांत वजनदार वाटतो. कोणत्याहि निवडमंडळाला बहिणाबाई चौधरी सांपडल्या असत्या काय ? त्यांना लिहितां वाचतां येत नव्हतें. शेतांत, जात्यावर, चुलीपाशीं त्या गाणीं रचीत. १९५१ सालीं त्या वारल्या, आणि मुलानें, कवि सोपानदेव चौधरी यांनीं, जपून ठेवलेलीं गाणीं आचार्य अत्र्यांच्या प्रोत्साहनानें १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघालीं, तेव्हां महाराष्ट्र थक्क झाला. अशा कितीजणींचा आवाज जात्याबरोबरच थांबला असेल ! हेमा राईरकर व गी प्वातवां यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून, विशेषतः आपल्या पुणें जिल्ह्यांतून, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. हा आक्षेप आम्ही पूर्णपणें मान्य करतों, आणि त्यावरूनच नगरकवीचें मुख्य काम ठरवितों. त्यानें स्वतः किती लिहिलें यापेक्षां, न लिहिणाऱ्या किती माणसांचें त्यानें लिहून घेतलें, हें वर्षाच्या अखेरीस विचारावें. त्यानें दरवर्षीं एक लहान पुस्तक गांवाच्या हातीं द्यावें, आणि त्यांतील निम्मीं पानें दुसऱ्यांचीं असावींत.

पालकांस एक शब्द. 'कवितेनें पोट भरत नाहीं' असें आपण मुलांना सांगतां, आणि तें काळजीपोटीं सांगतां, हें आम्ही जाणतों. मुलानें यंत्रविद्या शिकावी, हिशेब शिकावा, नोकरी धरावी. आमचेंहि शिकविणें त्यासाठींच आहे. परंतु पोट भरल्यावर माणसाला बोलावें लागतें. मुलीला सासरीं पाठवितांना, बाप गेल्यावर, गांव सोडतांना जे शब्द लागतात ते बाजारांत मिळत नाहींत. ते कोणीतरी आधीं घडवून ठेवलेले असावे लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्यें आपल्या मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण सर्वांनीं आनंद मानला. तो दर्जा पूर्वजांच्या कमाईवर मिळालेला आहे. मिळालेल्या वतनावर नुसतें बसून खाणाराला आपल्याकडे कोणी कर्तबगार म्हणत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, नगरपरिषद कवि नेमील तेव्हां नेमील. तोंपर्यंत तुम्हीं वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. येत्या सुटींत प्रत्येकानें एक वही घ्यावी आणि आपल्या आजीकडून, शेजारणीकडून किंवा वस्तींत कामाला आलेल्या माणसाकडून एक ओवी, एक उखाणा, एक म्हण, बुडालेल्या एखाद्या शेताचें एक नांव लिहून आणावें. ज्यांची घरची भाषा मराठी नाहीं त्यांनीं आपल्या भाषेंतलें गाणें आणावें, आणि त्याचा अर्थ मराठींत सांगावा. लिहितांना सांगणाराचा शब्द बदलूं नये, आणि त्याचें नांव खालीं घालण्यास विसरूं नये.